चौथीच्या गणितात पुढे पळणाऱ्या मुलांना निवड द्यायची म्हणजे नेमकं काय द्यायचं?

घाटावरचे गुरुजी

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात, दोन्ही वर्ग माझ्याकडे. चौथीत अठरा मुलं, तिसरीत त्याहून थोडी कमी.

चौथीतली तीन मुलं गणितात बाकीच्यांच्या फार पुढे आहेत. त्यातल्या मुलीला इथे चिमी म्हणतो. हातच्याची वजाबाकी ती उजवीकडून करतच नाही. ५००३ मधून १२४७ घालवायचे होते. बाकीची पोरं या शून्याकडून त्या शून्याकडे हातचा मागत फिरत होती. ही म्हणाली, "सर, दोन्हीतले तीन-तीन काढून टाकले. ५००० मधून १२४४. तीन हजार सातशे छप्पन्न." हे तिला कोणी शिकवलेलं नाही. घरी शिकवणारं कोणी नाही, शिकवणीही नाही.

आपल्याकडे अशा मुलांवर एकच उपाय चालतो: झालं तुझं? मग ही आणखी दहा घे. पोरं काही खुळी नाहीत. लवकर संपवलं की जास्तीचं काम मागे लागतं, हे त्यांना कळून चुकलंय. त्यातला एक आता तासभर पेन्सिलीला टोक करत बसतो.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात "मुलांना निवड द्या" असं सांगितलं आणि नऊ चौकोनांचा तयार तक्ता हातात दिला. गणितावर गाणं रचा, भित्तीपत्रक बनवा, गोष्ट लिहा, मित्राला समजावून सांगा, दहा उदाहरणं सोडवा, असं त्यात होतं. वर्गात लावला. पेन्सिलवाल्याने 'संख्यांचं झाड' काढलं, झाड देखणं झालं, पण पानापानावर ८ + ७ आणि १२ + ९. दुसऱ्याने दहा उदाहरणं घेतली, कारण ती सगळ्यात आधी संपतात. आणि चिमीने मलाच विचारलं, "सर, यातलं कुठलं घेतलं तर तुम्हाला आवडेल?"

तर मला विचारायचंय ते असं. निवड द्यायची ती कशाची? ती तिघं काही वेगळं करत असताना बाकीच्या पंधरांचं काय करायचं? आणि केंद्रप्रमुख, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले की वही मागतात, तिच्यात काय दाखवायचं? ज्यांनी वर्गात प्रत्यक्ष करून पाहिलंय त्यांनी सांगावं. पुस्तकातलं माझ्याकडे बरंच जमलंय.

---

ठिपकेवाली

गुरुजी, चिमीच्या प्रश्नातच त्या तक्त्याचा निकाल लागला. नऊ चौकोनांत तिला गणिताचा फरक कुठेच दिसला नाही, म्हणून तिने तुमच्या चेहऱ्याकडे बघून निवडायचं ठरवलं. गाणं म्हणा, चित्र काढा, गोष्ट लिहा, आतलं गणित तेवढंच राहतं. अशी निवड वाईट नव्हे, पण ती भाषेच्या किंवा चित्रकलेच्या तासाला शोभते.

माझी सगळी नोकरी कोल्हापूरकडे जिल्हा परिषदेतच गेली, आता निवृत्त आहे. माझ्यापुरती मी एक रीत ठरवून घेतली होती. घटक सगळ्यांना एकच. सुरुवातही सगळ्यांची एकच. पण त्या सुरुवातीतून दोन-तीन प्रश्न फुटले पाहिजेत, आणि मुलाने निवडायचा तो प्रश्न. कुठल्या प्रश्नाच्या मागे लागायचं हे त्याचं त्याने ठरवायचं. उदाहरणं किती सोडवायची ही निवड मी कधीच दिली नाही. ती दिली की मूल कमीत कमी घेतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता तुमचाच घटक घेऊ, चार अंकी हातच्याची वजाबाकी. यासाठी तुम्हाला लांब जायला नको, तुमच्याच जिल्ह्यातल्या देवळालीच्या शाळेत एक गणिताचे मास्तर होते, द. रा. कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ चा. संख्यांशी खेळायचा त्यांना नाद होता. १९४९ मध्ये त्यांनी एक गंमत जाहीर केली. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांना कापरेकर कळले.

गंमत अशी. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. त्या अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, वजा करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच. समजा ३५२४ घेतली.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणि ६१७४ चं पुन्हा केलं तर ७६४१ − १४६७ = ६१७४. तिथेच अडकलो. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येता.

वर्गात हे करताना ६१७४ आधी सांगायचं नाही. प्रत्येकाने आपापली संख्या घ्यायची. कोणी जन्मसाल घेतं, कोणी बापाच्या गाडीचा नंबर. थोड्या वेळाने एका कोपऱ्यातून "माझं अडकलं" असा आवाज येतो, मग दुसऱ्या कोपऱ्यातून, आणि मग दोघं एकमेकांच्या वह्या बघतात. तुमच्या पंधरा मुलांचा प्रश्न इथेच सुटतो. ती पोरं त्या तासाला हातच्याच्या पाच-सहा वजाबाक्या आपण होऊन करतात.

एक जागा सांभाळा. कोणीतरी २१११ घेतंच. २१११ − १११२ = ९९९. इथे पोरं ९९९ लिहितात, तीनही अंक सारखे, वजा केले की शून्य, आणि आरडाओरडा होतो की बाईंचं खोटं निघालं. तुम्ही लगेच दुरुस्त करू नका. "आपण चार घरांचा खेळ खेळत होतो ना? चौथ्या घरात काय आहे?" एवढंच विचारा. ०९९९ लिहिलं की ९९९० − ०९९९ = ८९९१, आणि गाडी पुढे ८०८२, ८५३२ करत ६१७४ ला येते. शून्याला घर द्यावं लागतं हे स्थानिक किमतीच्या धड्यात ओरडून सांगून कळत नाही ते इथे कळतं.

एवढं झालं की फळ्यावर प्रश्न लिहायचे. मी असे लिहीत असे:

जास्तीत जास्त वजाबाक्या लागणारी संख्या कोण शोधेल?
दोन अंकी संख्या घेतली तर काय होईल? तीन अंकी घेतली तर?
सगळी उत्तरं नवाच्या पाढ्यात का येतात?

निवड इथे. आणि या प्रश्नांत गणिताचा खरोखर फरक आहे. पहिल्याला चिकाटी लागते. दुसऱ्यात नवीन काहीतरी सापडतं: तीन अंकी संख्या ४९५ वर थांबते, पण दोन अंकी थांबतच नाही, ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि परत ८१ अशी गोल फिरत राहते. तिसरा सगळ्यात खोल. त्याला 'का' विचारणारं मूल लागतं, आणि ते मूल पाढ्यात पहिलं येणारं असेलच असं नाही.

---

नवोदयवाले बाबा

वाचायला छान आहे. पण गुरुजी, ही तीन मुलं पुढच्या वर्षी नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसतील ना? ८० प्रश्न, दोन तास, त्यातले अंकगणिताचे २०. तिथे कापरेकर विचारत नाहीत. गावातल्या हुशार पोराला बाहेर पडायची तीच एक वाट असते. माझा मुलगा त्याच वाटेने गेला. सरावाला पर्याय नाही, पोरं कंटाळली तरी. मला राग आलेला नाही, पण हे कोणीतरी लिहायला हवं होतं.

---

फळ्याचा कोपरा

बाबा, तुमचं म्हणणं सोडून देण्यासारखं अजिबात नाही. सराव हवाच. पण जे मूल दहांपैकी दहा बरोबर आणतंय त्याला अकरावं दिल्याने सराव होत नाही, नुसता वेळ जातो.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत आहे, वर्ग मोठा, तास छोटा. माझ्याकडे चालतं ते सांगते. स्वाध्यायातली सगळ्यात अवघड पाच उदाहरणं मी गोल करून ठेवते. ज्याला वाटेल त्याने ती पाच आधी सोडवायची. चार बरोबर आली तर बाकीचा स्वाध्याय माफ, आणि उरलेला वेळ फळ्याच्या कोपऱ्यातल्या प्रश्नांचा. नाही आली तर मुकाट्याने पहिल्यापासून. सुसान वाइनब्रेनर नावाच्या अमेरिकन शिक्षिकेने ही पद्धत मांडली आहे, मी तिला फक्त आपल्या वर्गात बसवली. तिच्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे नावं घ्यावी लागत नाहीत. "तू हुशार, तू हे कर" असं मी म्हणत नाही. पाच अवघड सोडवायचा दरवाजा रोज सगळ्यांना उघडा असतो. कधी कधी असं मूल आत येतं की आपणच बघत राहतो.

आता निवडीबद्दल. नऊ पर्याय फार झाले. नऊ-दहा वर्षांचं मूल नवांतून निवडत नाही, शेजाऱ्याने काय घेतलं ते बघतं. मी दोनच ठेवते, फार तर तीन. निवड पाटीवर लिहायची, पाटी पालथी ठेवायची, आणि मी म्हटलं की सगळ्यांनी एकदम उलटायची. त्याआधी वर्गातली सगळ्यात चुणचुणीत मुलगी जे घेईल तेच तिच्या चार मैत्रिणी घेत. पाट्या पालथ्या झाल्यापासून ते बंद झालं.

आणखी एक. निवडलेला प्रश्न बदलता येतो, पण "का सोडला" हे एका ओळीत लिहून. "खूप सोपा होता" असं लिहिणारे असतात, "मला काही सुचलं नाही" असं लिहिणारेही असतात. मला दोन्हीचा उपयोग होतो.

---

बंगळूरचा पाहुणा

शिक्षक नाही, संगणकावर पोट भरतो. ठिपकेवालींचा प्रतिसाद वाचून पाच अंकी करून पाहिलं. तिथे एकच संख्या येत नाही, वेगवेगळी चक्रं लागतात. एक छोटं चक्र: ५३९५५ वरून ५९९९४, आणि त्यावरून परत ५३९५५. चिमीला द्या, मला नका देऊ, रात्रीचा एक वाजलाय.

---

बाजारचा दिवस

सगळ्यांशी सहमत, पण 'ती तीन मुलं' हे शब्द मला खटकले. गुरुजी, राग मानू नका.

आमच्या तालुक्याच्या बाजारात माझ्या वर्गातला एक मुलगा आईबरोबर भाजी विकायला बसतो. सव्वा किलो गवार, ऐंशी रुपये किलोने, पन्नास रुपये सूट मागणाऱ्या बाईला तो हिशेबात आणि बोलण्यात दोन्हीकडे गार करतो. वर्गात हाच पोरगा उभ्या मांडणीच्या गुणाकारात घाम पुसतो. असा तो एकटा नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. बाजारात अवघड हिशेब तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या तशाच हिशेबात अडखळतात. आणि उलटंही दिसलं, शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातले हिशेब जमत नव्हते.

म्हणून म्हणतो, प्रश्न निवडायला सगळ्यांना द्या. हुशारांचा वेगळा कोपरा केला की तिथे कोण बसणार हे आपण आधीच ठरवलेलं असतं, आणि ठरवताना आपण वेग बघतो. वेग म्हणजे सगळं गणित नव्हे. मी तर पर्यायांत एक प्रश्न नेहमी बाजाराचा ठेवतो, आकडे कोरे सोडून. आकडे मुलांनी भरायचे. सावकाश मूल सोपे भरतं, तरबेज मूल स्वतःला अडचणीत टाकणारे भरतं. वेगवेगळ्या पातळीचा पेपर मला काढावाच लागत नाही.

---

घाटावरचे गुरुजी

सगळ्यांचे आभार. बाजारचा दिवस, राग कसला, बरोबर आहे तुमचं.

नवोदयवाले बाबा, पालकसभेत मला हाच प्रश्न येणार आहे. पाच अवघड आधी, ही रीत त्यांना पटेल असं वाटतं, कारण परीक्षेत अवघडच सोडवायचे असतात.

दोन गोष्टी राहिल्या. तिसरीचं काय? त्यांना चार अंकी अजून झेपत नाही आणि ती त्याच खोलीत बसून हे सगळं बघणार, मग गप्प बसणार नाहीत. दुसरं, केंद्रप्रमुख. आणि ठिपकेवाली ताई, नवाच्या पाढ्याचं 'का' तुम्ही चौथीच्या मुलाला कसं सांगत होता? मला बीजगणितातून येतं, त्यांना कसं यावं?

---

ठिपकेवाली

सांगत नव्हते, नोटा देत होते. गणित पेटीतल्या दहाच्या खोट्या नोटा आणि एकची नाणी. ७३ म्हणजे सात नोटा, तीन नाणी. ३७ म्हणजे तीन नोटा, सात नाणी. ७३ चे ३७ करायचे तर चार नोटा द्यायच्या आणि चार नाणी घ्यायची. एक नोट देऊन एक नाणं घेतलं की किती गेले? नऊ. असं चारदा केलं, छत्तीस गेले. एवढं हाताने झालं की मूल पुढचं आपण म्हणतं, "बाई, म्हणजे नेहमी नऊ-नऊच जाणार." तीन आणि चार अंकीला शंभराची नोट देऊन एकचं नाणं घेतलं की ९९ जातात, हजाराची दिली की ९९९. तेही नवाच्याच घरातले. अक्षरं मांडून सातवी-आठवीत येईल ते येईल, पण 'का'चं उत्तर त्याने चौथीतच दिलेलं असतं.

तिसरीला तीन अंकी द्या. त्यांना ४९५ आधी सापडणार नाही, आधी दुसरंच सापडेल: पहिल्या वजाबाकीपासून मधल्या घरात सारखा ९ येतो. ७२१ घ्या, ७२१ − १२७ = ५९४. ८३० घ्या, ८३० − ०३८ = ७९२. तिसरीच्या मुलाने चौथीच्या मुलाला "तुमच्यात असं होतं का?" म्हणून विचारलं की एका खोलीत दोन वर्ग असल्याचं मला बरं वाटायचं. एरवी त्या व्यवस्थेला मी कमी शिव्या दिलेल्या नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर असाल तर रांगोळीही आहे. मधल्या ओळीत जास्त ठिपके आणि दोन्हीकडे एकेक कमी करत जायची. ३ ते २, ५ ते ३, ७ ते ४, ९ ते ५, ११ ते ६. मुलांनी आपल्याला हवी ती निवडायची, ठिपके द्यायचे आणि सगळे मिळून किती ते सांगायचं. पण एकेक मोजायचे नाहीत. कोणी ओळींनी मोजतं. कोणी मधला ठिपका धरून भोवतीच्या कड्या मोजतं: १, मग ६, मग १२, मग १८. कोणी सहा त्रिकोण पाडतं. उत्तरं येतात ७, १९, ३७, ६१, ९१. इथे निवड दोनदा होते, रांगोळी कुठली आणि मोजायची कशी. दुसरी निवड पहिलीपेक्षा मोलाची. शेवटी दोन पद्धतींची मुलं समोरासमोर बसवा, एकाने दुसऱ्याच्या पद्धतीने आपली रांगोळी मोजून दाखवायची.

चिमीसाठी शेपूट: १ मध्ये ७ मिळव, त्यात १९ मिळव, त्यात ३७. येतात ८, २७, ६४. पुढचं तिला ठोकळे देऊन बघा. मुलगी ठोकळ्यांकडे गेली तर तिला सापडलं, नाही गेली तर राहू द्या, सातवीपर्यंत वाट बघायला काही हरकत नाही.

केंद्रप्रमुखांचं फळ्याचा कोपरा सांगतील, त्या अजून नोकरीत आहेत.

---

फळ्याचा कोपरा

हाहा. दाखवायला वेगळी वही ठेवा, आम्ही तिला शोधवही म्हणतो. पानावर तीनच गोष्टी: मी कुठला प्रश्न घेतला, काय करून पाहिलं, काय दिसलं. उत्तर आलं नसलं तरी पान भरतं. टाचणात, म्हणजे पाठाच्या नियोजनात, घटक 'हातच्याची वजाबाकी' असाच लिहा, कारण घटक तोच आहे. आणि कोणी विचारलंच तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या चौथ्या प्रकरणात, शेवटाकडे, विशेष प्रतिभा असलेल्या मुलांना वर्गात पूरक, समृद्ध साहित्य द्यावं असं शिक्षकांसाठी लिहिलेलं आहे. त्या पानाची झेरॉक्स मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. साहेब लोकांना काचेखालचा कागद पटकन पटतो.

---

घाटावरचे गुरुजी

कळवायचं राहून गेलं होतं. सुट्टी लागायच्या आधी कापरेकर करून पाहिले.

तासाला एवढा गोंधळ झाला की शेजारच्या बाई डोकावून गेल्या. २१११ वाला निघाला, ठिपकेवाली ताईंनी सांगितलं तसाच. पाट्या पालथ्या ठेवल्या. पेन्सिलवाल्याने जास्तीत जास्त वजाबाक्यांचा प्रश्न घेतला आणि घरी जाऊन दुसऱ्या दिवशी ४१०० घेऊन आला: ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. सात. वही उघडायच्या आधीच दारातून ओरडत आला. चिमीने नोटा घेतल्या आणि 'का'वर बसली आहे, अजून उठलेली नाही. शंभराच्या नोटेपर्यंत पोचली आहे.

पण खरी गोष्ट वेगळीच. मी ज्याला कधी त्या तिघांत धरलं नव्हतं असा एक शांत मुलगा आहे. पाढे कच्चे, लिहायला सावकाश. त्याने पेन्सिलवाल्याची वही घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "सर, ५२११ घेतलं तरी ४०८६ च येतं. ६३२२ घेतलं तरी तेच." मी करून पाहिलं. ५२११ − ११२५ = ४०८६. ६३२२ − २२३६ = ४०८६. मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाला, "चिमी नाही का दोन्हीतले तीन-तीन काढते? मी सगळ्या अंकांत एक-एक घातला. मोठ्यातही घातला, लहानातही घातला. मग फरक कसा बदलेल?"

त्याला आता पुढे काय द्यावं?

---

नवोदयवाले बाबा

या मुलाला नवोदयला बसवा. बाकी मी काही बोलत नाही.

---

ठिपकेवाली

बसवा, पण आधी त्याला हे विचारा: चार अंकी संख्या तर हजारोंनी आहेत, मग पहिल्या वजाबाकीची वेगवेगळी उत्तरं एकूण किती निघतील?

त्याला अर्धा रस्ता सापडलेलाच आहे. अंक केवढे आहेत याला महत्त्व नाही, ते मोठ्यापासून लहानापर्यंत लावले की पहिल्या आणि शेवटच्या अंकात अंतर किती आणि मधल्या दोघांत किती, एवढ्यावरच उत्तर ठरतं. बाहेरचं अंतर १ असेल तर मधलं ० किंवा १. बाहेरचं २ असेल तर मधलं ०, १ किंवा २. असं ९ पर्यंत. त्याला तक्ता करू द्या, पाढे लागत नाहीत, हात सावकाश चालला तरी चालतो. २ + ३ + ४ असं करत १० पर्यंत मिळवलं की ५४ येतात. हा आकडा त्याच्या आधी तुम्ही उच्चारू नका.

त्याचे ५४ आले की मग वर्गाला कामाला लावा. चोपन्नच्या चोपन्न ६१७४ ला पोचतात का ते तपासलं की सगळ्या चार अंकी संख्यांचं तपासून झालं, एकही उरत नाही. चौथीत अठरा आहेत म्हणालात ना? प्रत्येकाला तीन येतात. कुठले तीन घ्यायचे ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.